पुराणाऐवजी कादंबरी वाचण्याबाबत

अक्का, तुझा अर्ज मिळाला.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी तो माझ्या हातात ठेवला. रेघी कागद, डाव्या बाजूला घडी घालून पाडलेला समास, आणि तेच तुझं फळ्यावरचं गोल अक्षर. प्रति, मनीषाचे बाबा यांना. विषय : माझ्या पश्चात पुराणाऐवजी कादंबरी वाचण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करते की, माझ्या मागे दहा दिवस संध्याकाळी घरात पुराण लावू नये. त्यात नरकातल्या यातना आहेत व त्या मी नोकरीत भोगून झाल्या आहेत. त्याऐवजी माझी कादंबरी वाचावी. वाचक : बबन. अट : जसेच्या तसे वाचावे. मेलेले एकही पोर त्याने जिवंत करू नये. आपली विश्वासू. खाली सही. दिनांकाची जागा तेवढी मोकळी सोडली होतीस.

"चाळीस वर्सं संसार केला, बबनराव," दाजी म्हणाले. "मला एक चिठ्ठी न्हाई लिव्हली कधी. अन् लिव्हला तो अर्ज."

"मंजूर करायचा का मग?"

"तिचा अर्ज नामंजूर करनारा मानूस अजून जल्माला यायचाय."

आणि दाजी गोठ्याकडे गेले. रडले नाहीत. त्या घरात कुणीच धड रडलं नव्हतं, अक्का. त्याचं कारण मी होतो, पण ते मला नंतर कळलं.

आता तुझ्या कादंबरीबद्दल लोकांना काय सांगू? येणारा जाणारा विचारायचा, "बाई काय लिहीत होत्या म्हणे?" मी सांगायचो, शाळेची गोष्ट आहे. लोक मान डोलवायचे. बाईंनी तेहतीस वर्षं डोंगरातल्या शाळेत काढली, निवृत्त झाल्यावर आठवणी लिहिल्या असतील, एखादा आदर्श विद्यार्थी, एखादं झाड लावलेलं. त्यांना काय ठाऊक की तुझ्या 'कड्यातल्या शाळे'त पोरं जादू शिकायला जातात आणि निम्मी परत येत नाहीत.

मला तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी दुकानात पंपाची मोटार खोलून बसलो होतो. श्रीरामपूरला भरदुपारी, एका हातात तांब्याची तार, दुसऱ्यात मोबाईल. तू म्हणालीस, "बबन, कड्याच्या पोटात एक शाळा आहे. घळीतून आत जायचं. तिथं नाव घालावं लागत नाही. ज्या पोराला घंटा ऐकू येते, त्याला जावंच लागतं."

"आणि ज्याला ऐकू येत नाही?"

"तो सुखी. तो शेती करतो."

"अक्का, शेती करणारा सुखी ही तर जादूच झाली."

"मधे बोलू नकोस. तिथं एक मंत्र शिकला की घरच्या एका माणसाचा चेहरा विसरतो. दहा मंत्र आले की पोरगं हुशार, पण घरी गेलं तर आई कोणती ते कळत नाही."

मी तार खाली ठेवली. "हे तुला सुचलं कुठून?"

"बोर्डिंगला गेलेली पोरं दिवाळीत घरी येतात ना, तेव्हा बघ कधी त्यांच्याकडे," तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

मग सात वर्षांत सात वह्या झाल्या. प्रत्येक प्रकरणाच्या आधी तू टाचण काढायचीस, शाळेत पाठाचं काढायचीस तसंच. मला ती टाचणं कादंबरीपेक्षा जास्त आवडायची, हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू रागावली असतीस. 'प्रकरण तिसरे. उद्दिष्ट : वाचकाच्या पोटात गोळा येणे. साहित्य : घंटा, ओली पायरी, दोन तोंडांचे मास्तर. मूल्यमापन : बबनला वाचून दाखवणे. हसल्यास प्रकरण पुन्हा लिहिणे.' ते तिसरं प्रकरण तुला चार वेळा लिहावं लागलं. दोष माझा नव्हता. कड्यातल्या शाळेतल्या मास्तरांना पाठ नसते, पुढून चेहरा आणि मागूनही चेहरा, त्यामुळे फळ्यावर लिहिताना त्यांना सगळा वर्ग दिसतो, हे ऐकून कोण घाबरेल? मी हसलो. तू म्हणालीस, "हसतोस काय? प्रत्येक शिक्षकाचं स्वप्न आहे ते." आणि मास्तरसुद्धा ज्याला भितात तो तपासनीस! अवसेला कड्यातून झिरपत येतो, खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "भीतीची नोंदवही दाखवा." तू एवढ्या गंभीरपणे वाचत होतीस, आणि मी मोटारीवर डोकं टेकून हसत होतो. गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

पण खरं भांडण आपलं भिवावरून झालं.

भिवा चौथ्या प्रकरणात येतो आणि चौथ्याच प्रकरणात जातो. राही नावाची तुझी नायिका, तिच्या पुढे रांगेत उभं राहणारं हे बारकं पोर. येता-जाता विनोद करणारं. शाळेच्या मधोमध बारव आहे, सात टप्प्यांची, आणि प्रत्येक पोराला एकदा तिच्या काठावर उभं राहावं लागतं. बारव एक प्रश्न विचारते. खरं उत्तर दिलं की सुटका. भिवा खरं उत्तर देत नाही. विनोद करतो. बारव त्याला ठेवून घेते.

"हा भिवा कोण गं?" मी विचारलं होतं.

"तूच आहेस तो. दुसरं कोण असणार?"

आता सांग, स्वतःला चौथ्या प्रकरणात बुडालेलं बघून कोणता माणूस स्वस्थ बसेल? तेव्हा मी जे पुढे केलं त्यात माझा स्वार्थ होता, हे मान्य करतो.

संगमनेरला आपल्या चुलत्यांच्या नातीचं लग्न होतं. मुहूर्ताला अजून वेळ, नवरदेवाची गाडी कुठंतरी अडकलेली, आणि कार्यालयात वीस पोरं खुर्च्या उलट्या करून रेल्वे खेळत होती. बायका म्हणाल्या, "बबनभाऊ, ह्यांना एखादी गोष्ट सांगा बरं." आपल्या घराण्यात वाढपी कमी पडले तर चालतात, पण गोष्ट सांगणारा एकच, आणि तो मी. त्या दिवशी माझ्या जवळ ताजी गोष्ट तुझीच होती. मी घळ सांगितली, घंटा सांगितली, दोन तोंडांचे मास्तर उभं राहून करून दाखवले. पोरं चिडीचूप. भिवा बारवेच्या काठावर गेला, बारवेनं प्रश्न विचारला, भिवानं विनोद केला, पाणी वर आलं, आणि मी बघतो तर पहिल्या रांगेतल्या एका पोरीचा खालचा ओठ थरथरायला लागलेला.

मग काय करायचं? मी म्हटलं, "आणि तेवढ्यात भिवा वर आला. कपडे ओले, केस ओले, आणि हातात हा एवढा मासा!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाची गाडीपण तेवढ्यात आली.

तिथून भिवा माझ्या हाताबाहेर गेला, अक्का. पुढच्या बारशाला तो दोन मासे घेऊन वर आला. त्याच्या पुढच्या साखरपुड्यात त्यानं बारवेला गुदगुल्या केल्या. कर्जतला आत्याच्या घरभरणीत तर त्यानं कड्यातल्या शाळेत भज्यांची गाडी टाकली आणि तपासनीस उभ्या उभ्या दोन प्लेटी खाऊन गेला. सगळ्या घराण्यातली पोरं तुझी कादंबरी पाठ म्हणत होती, आणि त्यातलं एक अक्षर तुझं नव्हतं.

तुला कळलं ते मनीषाच्या सईमुळं. तुझी नात, तेव्हा पाच वर्षांची. तू तिला मांडीवर घेऊन चौथं प्रकरण वाचून दाखवलंस, आणि ती तुला समजावून म्हणाली, "आजी, तुझ्या वहीत चूक झाली आहे. भिवा मरत नाही. तो मासा आणतो."

दहाव्या मिनिटाला मला फोन. "बबन, भिवा कुठं आहे?"

"कोण भिवा?" मी म्हटलं. घाबरल्यावर माणूस असंच काहीतरी बोलतो.

"भजी तळतोय म्हणे."

"अक्का, लहान पोरं होती गं. रडायला लागली असती."

"मग रडू दे की. रडण्यानं कुणी मेलंय का?"

"पण लग्नात..."

"बबन, ऐक." तुझा आवाज खाली आला, वर्गात गोंधळ वाढला की यायचा तसा. "माझ्या दुसरीत एक पोरगा होता. पान लागून गेला, भाताच्या बांधावर साप चावला. दुसऱ्या दिवशी वरून सांगितलं, पोरांना घाबरवू नका. मी वर्गात सांगितलं, तो मामाच्या गावाला गेलाय. पोरांनी मानलं. बसायच्या पट्टीवर त्याची जागा तशीच ठेवली. कुणी बसू लागलं तर, 'ए, तो येनारे.' परीक्षा झाली, निकाल लागला. शेवटच्या दिवशी एक पोरगी मला विचारते, 'बाई, त्याचा मामा त्याला कधी सोडनार?' काय सांगू मी तिला? वर्षभर खोटं बोलून झालेलं. तेव्हापासून मला वाटतं, गोष्टीत तरी खरं सांगावं. गोष्टीत एकदा मेलेलं बघितलं असलं, तर पोरांना घरी मेलेलं कळतं."

एवढं बोलायला तुला किती वर्षं लागली असतील, हे मला समजलं होतं. समजून मी काय केलं? पुढच्याच महिन्यात अकोल्याच्या जावळात पुन्हा मासा काढला. या वेळी मासा बोलत होता.

तर असा मी, आणि माझ्याकडे तू वाचन दिलंस.

पहिल्या संध्याकाळी पडवीत सतरंजी टाकली. बाहेर खळ्यावर भात झोडून ठेवलेला, पेंढ्याचा वास, थंडी अशी की म्हाताऱ्यांनी कानटोप्या खाली ओढलेल्या. समई लावली, तुझा फोटो, आणि पाटावर पोथीच्या जागी शंभरपानी वही, जिच्या कव्हरावर कसलातरी पाढा छापलेला. तेवढ्यात गोपाळबुवा आले. पंचक्रोशीत कुणी गेलं की पुराण तेच वाचतात. पोथी काखेत, उपरणं खांद्यावर. त्यांना कुणी निरोपच दिला नव्हता.

दाजींनी अर्ज पुढे केला. बुवांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, तुझ्या सहीपर्यंत.

"बाईंची आज्ञा हाय म्हनल्यावर आपुन काय बोलावं," बुवा म्हणाले. "पन आलोच हाय तर बसतो जरा. बघू तरी, आमच्या यातना भारी का बाईंच्या."

जरा म्हणून बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. तिसऱ्या दिवशी मला उशीर झाला तर दारातच, "काय ओ, बबनराव? पोरगी तिकडं घळीत लटकलीय अन् तुमी च्या पिताय?" भेटायला येणारे लोक रीतीप्रमाणे घटकाभर बसून उठायचे, ते आता उठेनात. खालच्या आळीतल्या दोघी पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि दोन तोंडांच्या मास्तरांपाशी अडकल्या. एक दुसरीला म्हणाली, "आपल्या येळचे गुरुजी आसंच हुते, न्हाई गं? पाठ करून बी वळखायचे." मी वाचता वाचता हसलो. सगळे हसले. सुतकाच्या घरातून हसण्याचा आवाज येतोय म्हणून रस्त्यानं जाणारा एक जण आत डोकावला, त्यालाही बसवून घेतलं.

तुला वाटेल मी अट मोडली असेल. नाही. तीन प्रकरणं मी जशीच्या तशी वाचली. फक्त दिवसभर, वाचन नसताना, मी माझा धंदा चालू ठेवला होता. कुणाचे डोळे भरून आले की मी एक किस्सा काढायचो. मनीषा पदराचं टोक डोळ्याला लावू लागली की तू तपासणीच्या साहेबांना खिचडी कशी खाऊ घातलीस ते सांगायचो. दाजी फोटोकडे बघत राहिले की काहीतरी बोलून त्यांना हसवायचो. मला वाटत होतं मी घर सावरतोय. आणि सईला सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की आजी चांदणी झाली. अंत्यविधीच्या वेळी तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. आता सात वर्षांची आहे ती. रोज संध्याकाळी वाचन सुरू व्हायच्या आधी अंगणात जाऊन वर बघून यायची आणि विचारायची, "त्यातली कुठली?" आणि आम्ही प्रत्येक जण वेगळी दाखवायचो.

चौथ्या दिवशी दुपारी मनीषा माझ्याजवळ आली.

"मामा, आज भिवाचं आहे ना?"

"हो."

"तेवढं पान गाळा. नाहीतर मासा ठेवा. पोरगी अजून आजीला शोधती आहे, मामा. आत्ता नको."

मी दाजींकडे बघितलं. ते सुतळी वळत होते. "तिनं लिव्हलंय जसंच्या तसं," एवढंच म्हणाले.

"पण आबा, लहान आहे हो ती."

"मनी, तुझ्या आईनं दुसरं काय मागितलंय का आपल्याला? कधी? येवढंच मागितलंय."

मनीषा आत गेली. मी वही घेऊन बसलो. तुला खरं सांगतो, अक्का, संध्याकाळपर्यंत माझं ठरलं नव्हतं. एकीकडं तू, दुसरीकडं ते पोर. आणि माझ्या जिभेवर मासा तयार होता, रंगासकट.

सई त्या दिवशी शाल गुंडाळून अगदी माझ्या गुडघ्याला टेकून बसली. मी वाचायला लागलो. रांग आली, काठ आला. तू लिहिलं होतंस : 'बारवेनं विचारलं, घरी कोण आहे तुझं? भिवाच्या घरी कुणी नव्हतं. पण तो म्हणाला, घरी हत्ती आहे. पोरं हसली. मास्तर दोन्ही तोंडांनी हसले. बारव हसली नाही. पाणी एक पायरी वर आलं.'

इथं मी थांबलो. सतरंजीवर चाळीस माणसं. मी म्हटलं, "आणि तेवढ्यात..."

"बबनआजोबा," सई म्हणाली. तिचं बोट वहीवर होतं. तिला आता वाचता येतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. "इथं 'आणि तेवढ्यात' नाहीये."

मग मी वाचलं. 'पाणी दुसरी पायरी चढलं. भिवानं राहीकडं बघितलं. अजून एक विनोद त्याला आठवत होता, पण पाणी गळ्याशी होतं. मग पाणी खाली गेलं, आणि काठावर त्याची टोपी होती.' आणि त्याच्या खाली : 'दुसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेत राहीनं आपल्यापुढं एका पोराएवढी जागा सोडली. वाढणारी म्हणाली, पुढं सरक. राही सरकली नाही.'

प्रकरण संपलं.

"मासा?" सईनं विचारलं.

"मासा मी घातला होता. आजीनं नाही."

"का?"

"मला भीती वाटली."

तिनं विचार केला. "आजीचंपण असंच झालंय?"

मी मनीषाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. "हो," मी म्हटलं.

"ती चांदणी नाहीये."

"नाही."

सई उठली, माणसांच्या मधून वाट काढत दाजींच्या मांडीवर जाऊन बसली. रडली नाही. रडले ते दाजी. गाडीचं चाक चिखलातून निघावं तसा आवाज आला, आणि मग ते थांबेचनात. मनीषा रडली, खालच्या आळीतल्या दोघी रडल्या, माझी बायको रडली, जिला तुझ्याशी गेली वीस वर्षं कैरीच्या लोणच्यावरून वाकडं होतं. आणि मी, ज्यानं चार दिवस सगळ्यांना हसवून हसवून बांध घालून ठेवला होता, मीही तिथंच पाटासमोर बसून रडलो. दाजींनी सईच्या डोक्यावरून हात फिरवत चार दिवसांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. "शकुंतला गेली रं," म्हणाले. कुणाला उद्देशून ते माहीत नाही.

बऱ्याच वेळानं गोपाळबुवांनी उपरण्यानं नाक पुसलं. "आज इथंच थांबू," म्हणाले. मग उठता उठता, "पन काय बी म्हना, घरी हत्ती हाय म्हनला ते लई भारी." आणि पुन्हा रडायला लागले.

त्यानंतरचे दिवस वाचन नीट झालं. मी किस्से बंद केले नाहीत, अक्का, ते माझ्यानं होणार नाही. पण कुणी रडू लागलं तर गप्प बसायला शिकलो. मधेच उठून पाणी आणून द्यायचो. सई आता मला दुरुस्त करायची. एखादा शब्द चुकला की बोट. "गपकन नाही, गपचूप."

तू गेल्यावर तुझ्या कादंबरीवर टीका करणं बरं नव्हे, पण पाचव्या वहीत तपासनीसाची दोन पानं जास्त झाली आहेत. सहाव्यात राही मास्तरांच्या मागच्या तोंडाला बोलती करते, ते मात्र असं उतरलंय की मला तुझा हेवा वाटला. मी इतकी वर्षं गोष्टी सांगतोय, माझ्या गोष्टी ऐकून कुणाला झोप लागली नाही असं कधी झालं नाही. तुझी ऐकून बुवांसारखा माणूस रस्त्यातल्या पडक्या बारवेला वळसा घालून घरी जायला लागला. स्वतः सांगितलं त्यांनी, कुणी विचारलं नसताना.

नवव्या संध्याकाळी सातवी वही. राही शेवटच्या परीक्षेला आली आहे. ती एकही मंत्र शिकलेली नाही, घरचे सगळे चेहरे तिला पाठ आहेत, म्हणून ती सगळ्या शाळेत एकटी नापास. आणि नापास पोराला बारवेसमोर दुसऱ्यांदा उभं राहावं लागतं. ती सात टप्पे उतरते. शेवटच्या पायरीवर पाय ठेवते. बारव विचारते, "तुला काय पाहिजे?"

मी पान उलटलं. पुढचं कोरं. त्याच्या पुढचं कोरं. शेवटच्या पानापर्यंत सगळं कोरं. टाचणसुद्धा नव्हतं.

"मग?" गोपाळबुवा म्हणाले.

"एवढंच आहे."

"येवढंच कसं? पोरगी खाली हुबीय की!"

पडवीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांना ठाऊक होतं, घराण्यातला गोष्ट सांगणारा मी आहे. आणि माझ्याकडे पाच शेवट तयार होते, अक्का, खोटं कशाला बोलू. एकात राही भिवाला मागते. एकात ती शाळाच मागते आणि बारवेत बुडवते. एक तर इतका चांगला होता की माझ्याच अंगावर काटा आला.

"बबनआजोबा, राही काय म्हणाली?" सईनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"आजीनं तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुला भेटायला आलो होतो. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास. "बबन, शेवट सांगते. लिहून घे." वही उशाशीच होती. पेन तू हातात धरून ठेवलं होतंस. मी म्हटलं, "घाई काय आहे अक्का? बरी झालीस की तूच लिही. माझं अक्षर बघितलं तर बारव आटून जाईल." तू हसलीस. हसताना तुला खोकला आला, सिस्टर मला ओरडल्या, आणि तू मास्क परत लावलास. पेन माझ्याकडे दिलंस. मी ते खिशाला लावलं आणि श्रीरामपूरच्या एस.टी.त बसून खूश होतो, की तुला हसवून आलो. तुला विचारायला हवं होतं. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तू एकटीच ते बोलायला तयार होतीस.

हे सगळं मी त्या संध्याकाळी पडवीत सांगितलं. सईला उद्देशून, पण सगळ्यांसमोर. सजवलं नाही. कुणी मला बरं वाटावं म्हणून काही बोललं नाही, ते बरं झालं. दाजी उठून समईत तेल घालून परत बसले.

नंतर मी वही मिटली आणि पाटावर ठेवली. लोक विचारतात, अजूनही. गोपाळबुवांचा तर दर आठवड्याला फोन असतो, "काय सुचलं का?" मी म्हणतो, माझ्या सुचण्याचा इथं संबंध नाही. राही शेवटच्या पायरीवर उभी आहे, अक्का. मी तिला हात लावलेला नाही.